चौदा नंबर

सोपं आहे, म्हणते कॅर्त.
मी चेहरा दाखवीन, तुम्ही भावना सांगा.
कार्डाच्या तळाशी सहा शब्द छापलेत:
आनंद, दुःख, भीती, राग, किळस, आश्चर्य.
एवढ्या सहा बरण्यांत सगळं मावतं म्हणे.

तार्तूतला फेब्रुवारी. इस्पितळाच्या काचेपलीकडे
नदी गोठून पांढरीफटक.
तीन आठवड्यांपूर्वी माझा चेहरा पडला.
असा अर्धाच पडतो
हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिलं कार्ड. राखाडी पडद्यापुढे एक बाई,
केस घट्ट मागे बांधलेले, कानांत काही नाही.
आधी मी तिची हनुवटी ओळखली.
मग मला.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर, विद्यापीठाचं तळघर.
ऊनो लेपिक, सतत नाक पुसणारा,
नाटकातल्या आम्हा चौघांना धरून घेऊन आला होता,
तासाला तीन रूबल.
भावना नकोत, म्हणायचा, स्नायू द्या.
भुवयांची आतली टोकं वर. फक्त आतली.
ओठांचे कोपरे खाली. अजून. हां, तिथंच.
मी टोकं उचलली
आणि घशात खरंच काहीतरी दाटलं.
कशासाठी, ते काही आलं नाही बरोबर.
पाहुणा आधी येऊन बसला,
नाव मला मागाहून शोधावं लागलं.
मग मी एंदेलला ठेवलं तिथं, माझ्या भावाला,
एकोणपन्नासच्या मार्चमध्ये पहाटे
ज्याला मालगाडीत चढवलं,
एकच हातमोजा घातलेला.
लेपिक म्हणाला, सुरेख. चौदा नंबर.

कॅर्त नववं कार्ड सरकवते.
दात दिसतायत, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या.
बूट भिजले होते त्या दिवशी,
पोटात सकाळचा एक उकडलेला बटाटा,
आणि लेपिक ओरडत होता, डोळ्यांनी हसा,
तोंडदेखलं नको!
मी म्हणते, हिला घरी जायचंय.
पेन थांबतं. ते पर्यायांत नाही, हेल्वे.
बरं. आनंद लिही.

सतरावं मात्र मी केलेलंच नाही.
तयारी चालू असताना दार वाजलं,
दोन ठोके, जोरात.
त्या काळी दारावर असं वाजलं की काय होतं
ते कॅर्तच्या आईलाही आता धड आठवत नसेल.
लेपिकचा अंगठा दचकून बटणावर पडला.
बाहेर झाडूवाली होती,
तिला तिची बादली हवी होती.
पुऱ्या संचात तेवढा एकच चेहरा खरा.
मी म्हणते, भीती.
कॅर्त कार्डाची पाठ बघते. आश्चर्य, असं आहे इथं.
आणि हळूच एक फुली मारते.

चोवीसपैकी अकरा फुल्या.
मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला ना, ती समजावते,
की चेहरे वाचता येत नाहीत.
येईल परत. वेळ लागतो.
तिच्या भुवयांमध्ये एक बारीक रेघ आहे,
बोलताना ती डाव्या हातानं पोट दाबते,
नकळत.
सकाळपासून खाल्लं नाहीस?
ती कार्डं गोळा करता करता माझ्याकडे बघते.
कसं कळलं तुम्हाला?
कोणत्या बरणीतून काढून सांगू.

आता आरसा, व्यायामाचा.
भुवया उचला बघू, म्हणते कॅर्त.
दोन्ही उठतात. वा, कपाळ वाचलंय.
फक्त आतली टोकं, मी मनाशी म्हणते.
ओठाचा डावा कोपरा आधीच खाली आहे,
तेवढं काम कमी.
उजवा मी खाली नेते. अजून. तिथंच.

आरशात पंचाहत्तरीची बाई, चौदा नंबर.
घशात येतोय तो,
अजून दुसरा हातमोजा शोधत.

छान, म्हणते कॅर्त. आता हसा.